तळ नसलेला अपूर्णांक

लेकीची आठवण आली म्हणजे बापाने काय करावं, याचे निरनिराळे दाखले पुराणांत आहेत. जनकराजा ब्रह्मज्ञानी, पण सीतेच्या पाठवणीला त्याचं ब्रह्मज्ञान उपरण्याच्या टोकाने टिपावं लागलं. हिमालयासारखा हिमालय, पण पार्वती निघाली तेव्हा तोही पाझरला, असं आमचे कीर्तनकार सांगतात. डोंबिवलीच्या रामनगरातले निवृत्त गणितशिक्षक त्र्यंबकराव फणसळकर यांना लेकीची आठवण आली तेव्हा ते उठले, टोपी घातली आणि कल्याणच्या छापखान्यात गेले.

निमित्त झालं शेजारच्या मंगळागौरीचं. शेजारी गोपीनाथराव वैद्य आणि त्यांच्या शकूताई. त्यांची हेमा पनवेलीस दिलेली, म्हणजे सासर तसं अंगणापलीकडे. पण श्रावण लागला की ती माहेरी येऊन अशी काही राही, की सासरचे लोक आपण तिला खरोखर नेली होती ना, याची खात्री करायला येत. त्या मंगळवारी वैद्यांकडे झिम्मा, फुगड्या, लाटण्यांचा खेळ, सगळं रंगात आलं होतं. भिंत सामाईक. पलीकडे फुगडी फिरली की अलीकडे फणसळकरांच्या फळीवरचे डबे थरथरायचे. त्र्यंबकराव डब्यांकडे बघत बसले होते आणि गोदाबाई त्र्यंबकरावांकडे.

"सरोजला लिहा ना," गोदाबाई म्हणाल्या, "दिवाळीला ये म्हणून."

"असं कसं लिहायचं? मी व्याह्यांना भर मांडवात सांगितलंय. माहेरपणाची भुणभुण माझ्याकडून व्हायची नाही. मुलगी दिली ती दिली."

"मांडवात माणूस काय वाटेल ते बोलतो."

"मी बोलत नाही."

इथे त्र्यंबकरावांची बाजूही समजून घ्यायला हवी. सरोजचे यजमान आसामात, तिनसुकियाला, रेल्वेच्या कारखान्यात. लग्न होऊन गेली ती गेली. दर पत्रात 'पुढल्या खेपेस बघू' एवढंच. आपल्याकडे लेकीला आणायला मुराळी जातो, पण मुराळी म्हणजे भाऊ, आणि सरोज एकुलती. बापाने जावं, तर नातवंड झाल्यावाचून लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही ही फणसळकरांच्या घराण्याची रीत. आसामापर्यंत जाऊन तहानलेलं परत यायचं, हे त्र्यंबकरावांच्या मधुमेहाला मानवणारं नव्हतं. राहता राहिलं पत्र. पण पत्रात 'तुझी आठवण येते' असं लिहायला त्यांचा टाक उठत नसे. 'इकडील सर्व क्षेम. पाऊस ठीक. तुझ्या आईचा गुडघा बरा' इथपर्यंत गाडी सुरळीत येई आणि 'कळावे' या स्टेशनात थांबे.

अशा वेळी सरोजचं एक पत्र आलं. त्यात स्वेटर, चहाचे मळे, ब्रह्मपुत्रेचा पूर असं सगळं झाल्यावर शेवटी एक ओळ होती: 'बाबा, तुमचं ते मजल्याखाली मजला असलेलं गणित इकडे कुणालाच ठाऊक नाही.'

त्र्यंबकरावांनी ही ओळ इतक्या वेळा वाचली, की गोदाबाईंना वाटलं काही तरी वाईट बातमी आहे.

ते गणित असं. एक लिहायचा. पुढे अधिकचं चिन्ह. मग रेघ, रेघेवर एक, आणि रेघेखाली पुन्हा एक अधिक, पुन्हा रेघ, रेघेवर एक, खाली पुन्हा एक अधिक... असं खाली खाली उतरत जायचं. छेदाच्या पोटात छेद, त्याच्या पोटात आणखी छेद. सरोज लहान असताना ओसरीवर खडूने हे लिहीत बसायची. लिहिता लिहिता ओसरी संपून अंगणात उतरायची; गणित संपायचं नाही. आणि त्यातली गंमत अशी, की कुठल्याही मजल्यावर थांबून हिशेब केला तर उत्तर खऱ्या आकड्याच्या एकदा थोडं पलीकडे पडतं, एकदा थोडं अलीकडे. अंतर घटत जातं, घटत जातं, पण गाठ पडत नाही. गणितात याला वितत अपूर्णांक म्हणतात. कीर्तनात विरह म्हणतात.

त्र्यंबकरावांनी ठरवलं, की याच विषयावर एक छोटंसं पुस्तक छापायचं. पहिल्याच पानावर तो अपूर्णांक, चांगला आठ मजली, वर 'चि. सौ. सरोज हिस'. पुस्तक तिनसुकियाला पोचेल, ती पान उघडेल, आणि पुढचं न सांगताच समजेल. दिवाळीला येईल. व्याह्यांना दिलेला शब्दही मोडला नाही आणि मुराळीही गेला.

"म्हणजे 'ये' हा एवढासा शब्द लिहायचा नाही म्हणून अख्खं पुस्तक लिहायचं?" गोदाबाईंनी विचारलं.

"तुला त्यातलं सूत्र कळायचं नाही."

"सूत्र नाही कळलं. बाकीचं कळलं," असं म्हणून गोदाबाई भाजी निवडायला बसल्या.

कल्याणला पारनाक्याजवळच्या गल्लीत महिपतराव शेंड्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, कीर्तनाच्या जाहिराती, दंतमंजनाची लेबलं आणि निवडणूक आली की दोन्ही उमेदवारांची पत्रकं, असा तिथला व्याप. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला काळुराम म्हात्रे. भिवंडीकडच्या खाडीकाठच्या गावचा गडी. हात असा चालायचा, की खिळे आपण होऊन खणातून उडी मारून त्याच्या हातातल्या पट्टीत बसताहेत असं वाटावं. मात्र प्रत्येक मजकुरावर आपलं मत दिल्याशिवाय त्याने आजवर एक ओळ जुळवली नव्हती.

त्र्यंबकरावांनी कागद पुढे ठेवला. काळुरामने तो उभा धरला, आडवा धरला, मग दिव्याकडे धरला.

"मास्तर, ह्या इमारतीला खाली किती माळं?"

"कितीही. पण आपण आठ छापू."

"न् पाया कंचा?"

"पाया नाही. ती खाली जातच राहते."

"बिनपायाची इमारत मुनसिपालटी पास करत नाय," काळुराम म्हणाला आणि कामाला लागला.

आठवड्याने तपासायला पहिलं मुद्रित आलं. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. पानाच्या वरच्या बाजूला एक लांबलचक रेघ, आणि दोरीवर धुणं वाळत घालावं तसे तिला सगळे एकाचे आकडे ओळीने लोंबकळत होते.

"हे काय?"

"रेघा तुटक व्हत्या. सगळ्या जोडल्या," काळुराम अभिमानाने म्हणाला. "मराठीत डोक्यावरची रेघ तुटली का अक्षर भिकारी दिसतं, मास्तर. आमच्या उस्तादाचं पयलं शिकवणं."

"अरे, ती अक्षराची रेघ नव्हे! ती अंश आणि छेद यांच्या मधली!"

"मग तशी लिवायची ना, बाजूला. मना वाटलं तुमचा हात कापतो."

हात कापतो! उभ्या हयातीत फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा हा माणूस. तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी एकदा त्या रेघेला हात लावून बघितलं होतं. त्र्यंबकरावांनी हा घाव मुकाट्याने सोसला आणि काळुरामला अपूर्णांक शिकवायला घेतला. भाकरीचे तुकडे, रुपयाचे आणे, सगळे दाखले झाले. काळुराम 'हां हां' म्हणत राहिला.

दुसरं मुद्रित आलं ते उलटं. म्हणजे अंक सुलटे, पण मजले खालून वर चढत गेलेले. रुंद पाया खाली, निमुळतं टोक वर.

"तुमाला पाया नव्हता, मी दिला," काळुराम म्हणाला. "खाली निमुळतं ठेवलं तर खिळे उभे ऱ्हात नाय. कुशीला काय नसतं ना."

महिपतरावांनी लांबून पाहून पसंती दिली. "अगदी देवळाच्या शिखरासारखं दिसतं हो, फणसळकर! वर एक कळसाचा ठोकळा आहे माझ्याकडे, लावू का?"

क्षणभर, खोटं कशाला बोला, त्र्यंबकरावांच्या मनात आलं की लावावा. पण गणिताचा धर्म आडवा आला.

मग काळुरामने त्यांना छापखान्यातली एक गोष्ट समजावली. कागदावर जी कोरी जागा दिसते, ती खिळ्यांच्या चौकटीत कोरी नसते. तिथे बिनअक्षराचे शिशाचे ठोकळे भरावे लागतात. उंचीला थोडे कमी, म्हणून शाई लागत नाही आणि कागदावर उमटत नाहीत. ते नीट गच्च भरले तरच शेजारचं अक्षर उभं राहतं. मोकळं सोडलं की सगळं पान डळमळतं.

त्र्यंबकरावांनी त्यातला एक ठोकळा हातात घेतला. चांगलाच जड होता.

ते घरी आले तेव्हा गोदाबाई सरोजच्या खोलीत पापड वाळत घालत होत्या. खोली ती गेल्यापासून रिकामी. म्हणून तिथे पापड, म्हणून तिथे गहू, म्हणून तिथे गाद्या. त्र्यंबकराव दारात उभे राहिले आणि म्हणाले, "असू देत. भरलेली असू दे." गोदाबाईंना वाटलं, पापडांचं कौतुक चाललंय.

गोष्ट गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. गोपीनाथराव वैद्य सल्ला देण्यासाठीच जन्माला आले होते; चरितार्थासाठी ते नोकरी करीत, एवढंच. ते म्हणाले, "उभा कशाला छापता? आडवा छापा. पान वळवून वाचतील. मारवाड्याच्या पंचांगात असतं तसं." शकूताई म्हणाल्या, "त्यापेक्षा मी रांगोळी घालते, भावजी. ठिपक्यांची. मग तिचा फोटो काढून पाठवा." हेमा म्हणाली, "काका, पुस्तक घेऊन जायला मीच जाऊ का आसामात? तेवढंच फिरणं होईल." पण खरा घात केला तो गोपीनाथरावांच्या पुढल्या सल्ल्याने.

"त्र्यंबकराव, नुसतं पुस्तक पाठवलंत तर तिच्या सासरी म्हणतील, म्हाताऱ्याला उद्योग नाही. त्यावर 'शाळांसाठी मंजूर' असा शिक्का पाहिजे. मग सासरा स्वतः सुनेला म्हणेल, वडलांना भेटून ये."

हा विचार त्र्यंबकरावांना असा काही पटला, की त्यांनी महिपतरावांना सांगितलं, सगळं पुस्तक जुळवून ठेवा, पण छापू नका. मंजुरी येऊ दे. साहेबांनी फरक सुचवला तर करता यायला हवा. महिपतरावांनी पानं जुळवून, सुताच्या दोऱ्याने बांधून, फळ्यांवर मांडून ठेवली. दसरा गेला.

मंजुरीची कचेरी ठाण्याला, तलावाच्या बाजूला. तिथल्या कारकुनाने हस्तलिखित चाळलं आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"हे अपुरं आहे."

"ते तसंच असतं."

"शेवटी टिंबं टिंबं आहेत."

"म्हणजे ते पुढे चालू राहतं. अनंतापर्यंत."

कारकुनाने नियमांची चोपडी उघडली. "मजकूर संपूर्ण असल्याखेरीज दाखल करून घेता येत नाही. पुढचा भाग तयार झाला की एकत्रच आणा."

"अहो, पुढचा भाग तयार होत नसतो! तो अनंत आहे!"

"मग अनंतांची सही आणा. सहलेखक असतील तर दोघांची लागते."

त्र्यंबकराव बाहेर आले आणि तलावाच्या कठड्यावर बसले. 'कालाय तस्मै नमः' असं काहीसं म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण तोंडातून निघालं, "सरोज असती तर हसून हसून लोळली असती." शेजारी चणे खात बसलेल्या माणसाने विचारलं, "कोण सरोज?" त्र्यंबकराव उठले.

अर्ज पुढे साहेबांकडे गेला, साहेब दौऱ्यावर गेले, आणि दिवाळी आली. वैद्यांकडे हेमा आली, जावई आला, फटाके झाले. फणसळकरांकडे आसामातून एक पार्सल आलं. त्यात चहा होता. उत्तम चहा. गोदाबाईंनी तो केला, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता प्यायला.

कार्तिकी एकादशीला गणपतीच्या देवळात कीर्तन होतं. त्र्यंबकराव एक वेळ जेवण सोडतील, पण कीर्तन सोडायचे नाहीत. बुवांची झांज वाजायच्या आत त्यांची बैठक खांबापाशी पडलेली असे. उत्तररंगाला बुवांनी उद्धवाचं आख्यान लावलं. भगवंताने उद्धवाला गोकुळात पाठवलं. जा, गोपींना ज्ञान सांग. उद्धव मोठा पंडित; त्याने ब्रह्म सांगितलं, माया सांगितली, निर्गुण सांगितलं. गोपी ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, उद्धवा, सगळं खरं, पण तो येतो कधी? बुवांनी हे असं काही आळवलं, की झांज थांबली, पेटी थांबली, देवळात नुसते नाक ओढल्याचे आवाज. त्र्यंबकरावांचं उपरणं भिजलं. बायकांच्या बाजूने गोदाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, पांडुरंगा, पोचला एकदाचा निरोप.

वाटेत त्र्यंबकराव म्हणाले, "उद्धवाचं चुकलं."

"चुकलंच," गोदाबाई आशेने म्हणाल्या.

"तोंडी सांगत बसला. छापील न्यायला हवं होतं."

गोदाबाईंनी पुढच्या देवळापाशी थांबून हात जोडले. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही.

आता इकडे छापखान्यात काय झालं ते ऐका. तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू झाला. काळुराम पत्रिका जुळवायला बसला आणि त्याने एक या आकड्याच्या खणात हात घातला, तर खण रिकामा. सगळे एक त्र्यंबकरावांच्या पुस्तकात अडकलेले! सबंध पुस्तकच एकांचं. एक भागिले एक अधिक एक भागिले एक. दोन होते, सात होते, नऊ तर उतू जात होते. पण एक औषधालाही नाही. महिपतरावांनी मुंबईला नवे मागवले. ते यायचे होते. फणसळकरांना बोलून बघितलं, तर ते म्हणाले, "मंजुरी आजउद्या येईल. पानं सोडून खिळे काढलेत तर काळुरामला पुन्हा पहिल्यापासून अपूर्णांक शिकवावे लागतील." हे ऐकल्यावर काळुराम स्वतःच म्हणाला, नको, पानं ऱ्हाऊ द्या.

आणि त्याने तोड काढली. श्लोकाच्या शेवटी उभी रेघ असते ना, तिचे खिळे पडून होते. एकासारखीच की, नुसतं वरचं वेटोळं नाही! त्याने राघो पाटलांच्या लेकीच्या, जयाच्या, लग्नपत्रिकेत त्या रेघा लावून दिल्या. राघो पाटील म्हणजे कोपरकडचे, एके काळी मिठागरं असलेले, आता जमिनींचे धनी. मोठं खटलं. पत्रिका तांबड्या शाईत झोकात छापून गेल्या: शनिवार, तारीख दोन उभ्या रेघा, डिसेंबर. मिती, मार्गशीर्ष वद्य एक उभी रेघ.

लोकांनी वाचलं. ज्यांना कळलं त्यांना कळलं. काहींना वाटलं, मंगल कार्य म्हणून रेघा. तारीख मागाहून कळवणार. आणि भाईंदरच्या मामांना वाटलं, शनिवार म्हणजे येता शनिवार. ते आठवडाभर आधीच बायकापोरं, वाजंत्री आणि सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन दारात उतरले. मांडव नाही, नवरदेव नाही, जया परसात भांडी घासतेय. मामा म्हणाले, "आलोच हावं तर आता लगीन लावूनच जाऊ," आणि पथारी पसरली.

सोमवारी राघो पाटील छापखान्यात आले. त्र्यंबकराव तिथेच होते. ठाण्याहून काही कळलं का, हे सांगायला म्हणून रोज येत आणि काही कळलं नाही, असं सांगून जात.

"कंचा तो मास्तर?" राघो पाटलांनी दारातूनच विचारलं. आवाज असा, की टांगलेल्या पत्रिका हलल्या.

काळुरामने बोट दाखवलं. महिपतराव कागदाच्या रिमांमागे गेले.

"तुमी सगळे एक धरून बसलाव? माझे घरात दोन दिस झाले पंगत उठते, नवरा अजून यायचाय! लोकं विचारतात, पाटील, पोरीचं लगीन हाय का सप्ता?"

"हे पाहा," त्र्यंबकराव ताठ उभे राहिले, "हे शास्त्रीय ग्रंथाचं काम आहे. ते अर्धवट मोडता येत नाही."

"माझी पोर लग्नाला उभी हाय, मास्तर. शनवारी जायची ती. पुन्यांदा पत्रिका वाटायच्या, त्या आज छापल्या पायजेत. तुमचं असं काय अडलंय?"

"माझीही पोरच आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी बोलायचं ठरवलं नव्हतं. ते निघून गेलं. छापखान्यात यंत्र चालू होतं, ते कुणीतरी थांबवलं.

राघो पाटील खाली बाकावर बसले. "कुठं दिली?"

"आसामात."

"लय लांब." पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "न् ती काय करतं या बुकाचं?"

"तिला पाठवायचं आहे. ते पाहिलं की ती येईल."

"दाखवा."

काळुरामने पहिल्या पानाचं शेवटचं, शुद्ध झालेलं मुद्रित आणलं. आठ मजले, सगळे जागच्या जागी, प्रत्येक रेघ वरच्यापेक्षा आखूड, पायरी पायरीने उजवीकडे खाली उतरत गेलेले. सुंदरच दिसत होतं. राघो पाटलांनी ते नीट धरलं. वरच्या एकापासून खालच्या टिंबांपर्यंत बोट फिरवत गेले.

"मास्तर, मी चौथी नापास. मना एक सांगा. यात 'ये' कुठं लिवलंय?"

त्र्यंबकरावांनी कागद हातात घेतला. खरोखरच शोधल्यासारखं पाहिलं. एक होते. अधिक होते. रेघा होत्या.

"नाही लिहिलेलं," ते म्हणाले.

"मग ती कशी येल?" पाटील हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "शनवारी माझी जया जाल. खाडीपल्याडच्याच गावाला देतोय, होडीत बसलं का पोचलं. तरी मी काल रातचा जेवलो नाय. उद्या मना तिला बोलवायचं झालं तर मी धक्क्यावर जाऊन बोंब मारन. लोकं हसतील. हसू दे."

त्र्यंबकरावांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि काळुरामच्या शेजारी उभे राहिले.

"सोड रे ती पानं."

"सगळी, मास्तर?"

"सगळी. मला दाखव, कोणता खिळा कुठल्या खणात टाकायचा ते. लवकर होईल."

दोघांनी मिळून पानं सोडली. दोरा सुटला, ठोकळे बाहेर आले, मजले एकेक करून रिकामे झाले, आणि एकाचे खिळे आपल्या खणात पडू लागले. पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तसा आवाज. त्र्यंबकरावांनी अधिकचे दोन खिळे चुकून प्रश्नचिन्हांत टाकले; काळुराम त्यांच्यावर ओरडला, "कंच्या शाळंत शिकलाव?" आणि त्यांनी ते निमूटपणे उचलून जागेवर टाकले. पाटलांची पत्रिका त्यांनी स्वतः तपासली. तारखेतले दोन्ही एक त्यांनी इतके निरखून पाहिले, की पाटलांना शंका आली, आता हे त्यांच्याखाली रेघ मारतात की काय.

"लग्नाला या, मास्तर. मास्तरीणबाईंना घेऊन या," निघताना पाटील म्हणाले. "जया जाल तवा मना धरायला कुणीतरी पायजे."

काळुरामने ते शुद्ध मुद्रित गुंडाळी करून पुढे केलं. "न्या. पाठवा हेच."

"राहू दे," त्र्यंबकराव म्हणाले. "पत्रिका बांधायला कागद लागेल."

कल्याण स्टेशनात येऊन त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि बाकावर बसून, गुडघ्यावर डायरी ठेवून लिहायला सुरुवात केली. 'चि. सौ. सरोज हिस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.' इथपर्यंत हात आपसूक चालला. 'पाऊस' असं लिहिलं आणि खोडलं. पाऊस कधीच संपला होता. 'सवडीप्रमाणे' लिहिलं, खोडलं. 'यजमानांची व सासूबाईंची संमती असल्यास' लिहिलं. मग बराच वेळ ती ओळ बघत राहिले, आणि इतकी गच्च खोडली की कार्डाला पलीकडून फोड आला. तेवढ्यात गाडी आली आणि गेली. हमाल ओरडले आणि थांबले. आयुष्यभर मुलांना सांगत आले, पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तर लिहू नका. त्यांनी एकही पायरी न दाखवता लिहिलं:

'तू ये. मला करमत नाही.'

खाली सही केली. आईचा गुडघा राहिला, ते राहू दिलं. कार्ड पेटीत टाकलं, आतवर हात घालून पडलं की नाही पाहिलं. मग चौकशीच्या खिडकीशी गेले.

"कलकत्ता मेल कुठल्या फलाटावर येते?"

आतले बाबू मान वर न करता म्हणाले, "आजची गेली. कुणी येणारंय?"

"मुलगी."

"कुठल्या तारखेची गाडी?"

"ते अजून ठरलं नाही."

बाबूंनी मान वर केली. "निघाली का तिकडून?"

"नाही. म्हणजे, पत्र आत्ताच टाकलं." त्र्यंबकरावांनी पेटीकडे बोट दाखवलं. टपालवाला अजून ती उघडायलाही आला नव्हता.

मागे रांगेत कुणीतरी हसलं. बाबूंनी तिकडे एकदा डोळे वटारून पाहिलं, मग खिडकीतून थोडे पुढे झुकले.

"चार नंबर," ते म्हणाले. "पण पुलाजवळ थांबू नका हां, आजोबा. बायकांचा डबा पार पुढे लागतो. पाण्याच्या नळापाशी उभे राहा, म्हणजे उतरताना लगेच दिसेल."

त्र्यंबकरावांनी टोपी नीट केली, आभार मानले, आणि नळ नेमका कुठे आहे ते पाहून ठेवायला चार नंबरकडे निघाले.